वाचकांचे प्रश्न : जुना प्रोजेक्टर, नवा लॅपटॉप

प्रश्न : आमच्या शाळेतील प्रोजेक्टरला व्हीजीए सॉकेट आहे आणि नव्या लॅपटॉपला केवळ एचडीएमआय. एका टोकाला एचडीएमआय व दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी साधी केबल आणली, तरी पडदा कोराच राहतो. केबल खराब असावी काय?
– एक शिक्षक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : केबल बहुधा खराब नसावी, ती या कामाची नाही. १९८७ साली आलेले व्हीजीए, म्हणजे तीन ओळींत १५ पिना असलेले व बाजूच्या स्क्रूंनी आवळायचे सॉकेट, अ‍ॅनालॉग संकेत घेते, तर १९ पिनांच्या एचडीएमआयमधून डिजिटल संकेत येतो आणि नुसत्या तारा जोडल्याने एकाचे दुसरे होत नाही. त्यासाठी आत चिप असलेला ‘एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर’ हवा. व्हीजीएमधून आवाज जात नसल्याने स्पीकरची पिन लावता येईल असा कन्व्हर्टर घ्यावा, अन्यथा कविता लॅपटॉपच्या बारीक आवाजातच ऐकवावी लागेल. काही कन्व्हर्टरांना यूएसबीतून वेगळी वीज द्यावी लागते. खरेदीसाठी यवतमाळला जाताना लॅपटॉप सोबत न्यावा, कारण एक कोपरा कापल्यासारखे दिसणारे डिस्प्लेपोर्ट हे चित्र बाहेर देणारे वेगळेच सॉकेट घाईत एचडीएमआयच वाटते.