एकाच बादलीतलं पाणी

प्रश्न : सिस्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही आठ मैत्रिणी श्रावणात पुण्यातल्या शाळांमध्ये शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळा घेतो. पैसे घेत नाही. महिन्याभरात बारा-तेरा शाळा होतात. गेल्या वर्षी एका शाळेतून आल्यावर आमच्यातल्या तिघींचे डोळे आले आणि पाठोपाठ पुढच्या शाळेतल्या मुलांचेही. तिथल्या मुख्याध्यापिका यंदा म्हणाल्या, हातमोजे, मास्क आणि सॅनिटायझर असेल तरच या. हातमोजे घालून सोंड कशी वळवायची? खोकणाऱ्या मुलाला बसू द्यावं का? आणि एका मैत्रिणीला पाचवा महिना चालू आहे, तिने यावं का? – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आधी डोळ्यांपुढे आली ती बादली. दोन वर्षांपूर्वी नातीच्या शाळेत मी अशाच कार्यशाळेला मदतीला बसले होते. चाळीस मुलं आणि मधोमध एक निळी बादली. बोटं बुडवायची, गणपतीच्या पोटावरून फिरवायची, त्याच हाताने नाक पुसायचं, परत बुडवायची. तासाभरात पाणी राखाडी झालं आणि बादलीच्या कडेवरचं एकच फडकं चाळीस जणांच्या हातांतून फिरून आलं. मी तेहतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची अकरा वर्षं जंतुसंसर्ग रोखण्याच्याच कामात. तरी ती बादली खटकायला मला अर्धा तास लागला, कारण मुलं इतकी रमली होती.

डोळे येतात ते बहुतेक वेळा ॲडिनो गटातल्या विषाणूंमुळे. नुसतं डोळ्यांत बघितल्याने ते येत नाहीत, हातांवरून येतात. २०२३ च्या जुलैत आळंदीत मुलांमध्ये डोळ्यांची मोठी साथ आली होती, तेव्हाही घरोघरी काळे चष्मे निघाले आणि टॉवेल मात्र एकच राहिला. शिवाय हा विषाणू सॅनिटायझरला सहजी दाद देत नाही. उलट्या-जुलाबांच्या साथी आणणारा नोरो विषाणूही तसाच. आणि मातीने बरबटलेल्या हातांवर तर कुठलंच सॅनिटायझर नीट लागत नाही. मुख्याध्यापिकाबाईंची काळजी अगदी रास्त आहे, पण त्यांना सांगा की आम्ही सॅनिटायझरऐवजी साबण आणतो आणि हात धुवायला पंधरा मिनिटं जास्त मागतो. चाळीस मुलं, चार नळ, प्रत्येकाला एक मिनिट धरलं तरी दहा मिनिटं जातात. ही वेळ आधीच वेळापत्रकात धरली नाही तर घंटा होते आणि मुलं तसेच हात चड्डीला पुसून डबा उघडतात.

हात धुणं शिकवायला तुमच्याकडे फार चांगलं साधन आहे, ते वाया घालवू नका. हॉस्पिटलात नव्या मुलींना शिकवताना आम्ही हातांना एक जेल लावायला द्यायचो, मग हात धुवायला लावायचो आणि निळ्या दिव्याखाली धरायचो. जिथे धुतलं गेलं नाही तिथे ते चमकायचं. शाडू हेच काम दिव्याशिवाय करतो. धुतलेले हात मिनिटभर वाळू द्या आणि बघा : अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला पांढुरकी रेघ राहिलेली दिसेल. जिथे माती राहते तिथेच जंतूही राहतात. मुलांना हे एकदा दाखवलं की ती आपण होऊन परत नळाकडे पळतात. नातीच्या वर्गातला एक मुलगा तीनदा धुवून आला आणि दर वेळी अंगठा माझ्या नाकासमोर धरून विचारत होता, ‘आता?’

हातमोजे मुलांना नकोत, तुम्हालाही नकोत. मोज्यांवरही जंतू तसेच बसतात आणि मोजे घातले की माणूस हात धुवायचा विसरतो. सोंड उघड्या बोटांनीच वळवा. बादली मात्र बंद करा. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे घरोघरी पडलेले असतात. प्रत्येक मुलाने आपला डबा, आपला जुना रुमाल आणि कोरायला आपली आइस्क्रीमची काडी आणायची. गोळे आधीच बांधून न्या आणि उरलेली माती पिशवीत परत टाकू नका, ती त्या मुलासोबतच जाऊ दे. हाताला कापलं-खरचटलं असेल तर आधी चिकटपट्टी. मोज्यांचे दोन जोड तेवढे पिशवीत ठेवा, कोणाला उलटी झाली तर. ते साफ करायला शाळेतल्या मावशी उघड्या हातांनी येतात, मोजे त्यांना द्या. पुसून झाल्यावर तिथे एक भाग ब्लीचचं द्रावण आणि नऊ भाग पाणी टाकून दहा मिनिटं राहू द्यायचं. त्यात ॲसिड किंवा संडास धुवायचं औषध कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. एका वर्गाचं दुखणं एरवी त्या वर्गात, फार तर त्या शाळेत फिरतं. ते कोथरूडमधून हडपसरला पोचतं ते तुमच्यासारख्या बायकांबरोबर, ज्यांच्या मनात मुलांविषयी मायेशिवाय काही नसतं. मुलं वाट बघत असतील म्हणून गोळी घेऊन ताप दाबायचा आणि जायचं, हे मी फार पाहिलंय. ताप आला तर गोळी न घेता चोवीस तास ताप नसेपर्यंत घरी. उलट्या-जुलाब थांबल्यावर आणखी अठ्ठेचाळीस तास. डोळ्यांतून पाणी किंवा घाण येतेय तोवर नाही. हे पाळायचं तर माणसं हाताशी हवीत, म्हणून प्रत्येक शाळेला सहाच जणींची नावं लावा, दोघी राखीव. फ्लूची लस घ्यायची तर पावसाळ्याच्या तोंडाशी घ्या. तिचा गुण यायला दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतोच. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यातल्या शाळकरी मुलीचा. तेव्हाचे नायडू रुग्णालयाबाहेर रांगेत उभे असलेले आईबाप मला अजून आठवतात.

खोकणाऱ्या मुलाला ताप नसेल तर बसू द्या, खिडकीजवळ. पाऊस असला तरी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात, व्हरांडा मिळाला तर फारच छान. ताप असेल तर बाईंच्या कानात सांगा, वर्गासमोर नाही. हे कळकळीने सांगते. त्या कार्यशाळेत एक मुलगी हात पाठीमागे धरून भिंतीशी उभी होती. खरूज झाली होती, औषध लावून झालं होतं, म्हणजे शाळेत यायला हरकत नव्हती. पण कोणीतरी तिला सगळ्यांदेखत ‘मातीला हात लावू नकोस’ म्हटलं होतं. मी तिला वेगळा गोळा दिला आणि शेजारी बसले. तिने गणपती केलाच नाही, नुसता उंदीर केला, शेपटीसकट, आणि घरी नेला.

तुमच्या मैत्रिणीने डॉक्टरांना आधी विचारावं : कांजिण्या होऊन गेल्यात का, गोवर-रुबेलाची लस झाली आहे का. ही लस गरोदरपणात देत नाहीत, त्यामुळे नसेल तर यंदा वर्गात जाऊ नये. कांजिण्यांचं मूल पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला संसर्ग देऊ लागतं, आणि गोवराचा विषाणू मूल निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीच्या हवेत राहतो. म्हणजे नुसतं बघून सावध राहता येत नाही. चुकून संपर्क आलाच तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, काही उपचार वेळेत झाले तरच उपयोगी पडतात.

तिला घरबसल्या एक काम द्या, ते आजवर कोणी करत नसेल. कार्यशाळेच्या आदल्या दिवशी शाळेत फोन करून विचारायचं : कुठल्या वर्गात पुरळ, ताप, गालगुंड, डोळे चालू आहेत का? असतील तर त्या वर्गाची तारीख पुढे ढकला. एखादी तारीख चतुर्थीच्या चार दिवस आधीपर्यंत गेली तरी चालेल, मूर्ती सुकायला तीन-चार दिवस पुरतात.