कॉलेजातली कॉपी थांबवायची तर नुसती शिक्षा पुरेशी आहे का?

नाही. पकडले जाण्याची भीती थोडंफार काम करते, पण आजूबाजूचे काय करतात याचा परिणाम जास्त होतो. डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेविनो यांनी १९९३ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात हेच दाखवलं. 'सगळेच करतात' असं वाटलं की प्रामाणिक मुलालाही आपण मूर्ख ठरतोय असं वाटायला लागतं. आणि हे काही मोबाइल-इंटरनेटमुळे सुरू झालेलं नाही. विल्यम बॉवर्स यांच्या १९६४ च्या पाहणीतही निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांनी काही ना काही लबाडी कबूल केली होती!

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात मोठा दोष प्रश्नपत्रिकेचा. दरवर्षी तेच प्रश्न आणि सगळे गुण एका लेखी परीक्षेवर, मग कॉपी होणारच. निबंधाचा कच्चा खर्डा आधी मागवा, जमा केल्यावर पाच मिनिटं तोंडी विचारा. ज्याने स्वतः लिहिलंय तो बोलतो, उचललेलं असेल तर गाडी दुसऱ्याच प्रश्नाला अडते. संदर्भ कसा द्यायचा हे पहिल्याच सत्रात शिकवा, कारण बरीच वाङ्मयचोरी निव्वळ अज्ञानातून होते.

'मी कॉपी करणार नाही' अशा सहीच्या कागदावर मात्र फार भिस्त ठेवू नका. फॉर्मच्या शेवटी न घेता सुरुवातीलाच सही घेतली तर माणसं खरं लिहितात, असं सांगणारा २०१२ चा एक गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला. कारण? त्यातली आकडेवारीच बनावट निघाली.