परदेशात निवृत्त व्हावे का? मागे राहणाऱ्याच्या बाजूने केलेला हिशेब

निवृत्तीनंतरचे आयुष्य परदेशात घालवावे की आहे तिथेच राहावे, हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांच्या हातात बहुधा एक तक्ता असतो. हवामान, राहणीचा कमी खर्च, करसवलत आणि शांतता या गोष्टी एका रकान्यात असतात, तर मुले-नातवंडे, ओळखीचे डॉक्टर, भाषा आणि मित्रमंडळी दुसऱ्या रकान्यात. यातले पारडे कुठले जड, ते आम्ही सांगावे अशी त्यांची अपेक्षा असते. असे बरेच तक्ते पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की त्यातल्या नोंदी सहसा खऱ्या असतात, पण त्या पहिल्या आठ-दहा वर्षांपुरत्याच असतात. त्या काळात दोघेही धडधाकट असतील आणि दोघेही असतील, हे त्यात न बोलता गृहीत धरलेले असते.

हा मुद्दा ज्या जोडप्यामुळे मला अगदी स्पष्टपणे मांडता आला, त्यांची हकिगत ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून इथे देत आहे.

गृहस्थ साठीच्या उंबरठ्यावर होते आणि पत्नी त्यांच्याहून काही वर्षांनी लहान. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका देशात ते दोघे सुट्टीसाठी अनेकदा जाऊन आले होते आणि निवृत्तीनंतर राहते घर विकून तिथेच कायमचे जायचे, असा गृहस्थांचा बेत होता. त्यांनी तयारी मनापासून केली होती. व्हिसासाठी लागणारे उत्पन्न, विम्याचा हप्ता, घरभाडे, विमानतळापासूनचे अंतर अशा सगळ्याची टिपणे त्यांच्या फाइलमध्ये होती. पत्नी फारसे बोलत नव्हत्या. "यांनी सगळं नीट पाहिलंय," एवढेच त्या म्हणत. त्यांच्या गप्प राहण्याला गृहस्थ होकार समजत होते. "आईला तुम्ही ओढून नेताय," असे म्हणून वडिलांशी बोलणे टाकलेल्या मुलीला त्याच गप्प राहण्यात नकार ऐकू येत होता.

मी दोघांना एक काम दिले. तिथे राहायला लागून तिसरे वर्ष सुरू आहे, हंगाम संपला आहे, पाहुणे कोणी नाहीत. अशा एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय कराल, ते एकमेकांना न दाखवता लिहून आणा. गृहस्थांचे पान भरगच्च होते. किनाऱ्यावरची फेरी, बाग, वाचन, संध्याकाळी चौकातल्या बाकावर गप्पा. आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीत पत्नी बरोबर होत्या. पत्नींनी दुपारी बारापर्यंतचे तास वेळेसकट, वळणदार अक्षरात लिहिले होते. पुढे "दुपारी" एवढा एकच शब्द होता आणि त्यानंतर बरीच कोरी जागा. पानाच्या अगदी तळाशी वेगळ्या शाईने लिहिलेली एक ओळ होती: "हे नसतील तर मला तिथे राहू देतील का?"

गृहस्थांनी ती ओळ वाचली आणि फाइल उघडली. फाइलमध्ये त्याचे उत्तर नव्हते. अर्ज त्यांच्या नावाचा, उत्पन्नाचा पुरावा त्यांच्या पेन्शनचा आणि पत्नींचा परवाना त्यांच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून. कित्येक देशांत जोडीदाराचा परवाना अशा प्रकारे मुख्य अर्जदाराला बांधलेला असतो. मुख्य अर्जदाराच्या मृत्यूनंतर काही ठिकाणी जोडीदाराला स्वतंत्र हक्क मिळतो, काही ठिकाणी तो ठरावीक वर्षांच्या वास्तव्यानंतरच मिळतो, तर काही ठिकाणी नव्याने अर्ज करून स्वतःचे उत्पन्न दाखवावे लागते. नवऱ्याच्या पश्चात पेन्शनचा काही अंशच पत्नीला मिळणार असेल, तर तेवढ्या रकमेत उत्पन्नाची अट पुरी होते का, हे आधी तपासावे लागते. सत्तरी उलटल्यावर, दुःखात असताना, परक्या भाषेतले अर्ज भरत हे शोधण्याची पाळी कोणावरही येऊ नये.

म्हणून परदेशी निवृत्तीचा हिशेब आधी मागे राहणाऱ्याच्या बाजूने करावा, असे मी आता प्रत्येक जोडप्याला सांगतो. स्त्रियांचे सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त असते आणि बहुतेक जोडप्यांत पत्नी वयाने लहान असते, त्यामुळे ही वेळ अधिक करून पत्नीवर येते. बेत आखणारा आणि त्याची शेवटची वर्षे एकट्याने निभावणारा, ही दोन वेगळी माणसे असण्याचा संभव मोठा आहे. काहींना ही चर्चा अभद्र वाटते. त्यांची भावना मला समजते, तरीही मी ती टाळू देत नाही.

या बाजूने पाहिले की तक्त्यातल्या नोंदींचे वजन बदलते. करसवलतीचेच पाहा. पोर्तुगालने 2009 मध्ये नव्याने येणाऱ्या रहिवाशांसाठी विशेष करयोजना आणली आणि परदेशातून येणाऱ्या पेन्शनवर तिच्यात कर नव्हता. 2020 मध्ये नव्या अर्जदारांच्या पेन्शनवर 10 टक्के कर लागला आणि 2024 पासून ही योजना नव्या लोकांसाठी बंद झाली. मलेशियाच्या दीर्घ वास्तव्याच्या योजनेत 2021 मध्ये दरमहा उत्पन्नाची अट 10,000 रिंगिटवरून थेट 40,000 वर गेली. ब्रिटनची सरकारी पेन्शन घेऊन कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांना दरवर्षीची वाढ मिळत नाही; रक्कम आहे तिथेच गोठते. साठीत केलेला हिशेब ऐंशीत तसाच राहील, असे धरून चालणे म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पक्के घर बांधणे आहे. वर्षातले 183 दिवस ओलांडले की बऱ्याच देशांत तुम्ही करनिवासी, म्हणजे तिथे कर भरायला बांधील, ठरता, तेव्हा दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे का आणि पेन्शनवर कर लावण्याचा अधिकार त्यात कोणाला दिला आहे, हे जाणकाराकडून लेखी घ्यावे. विनिमय दराबद्दल एवढेच, की पेन्शन एका चलनात आणि खर्च दुसऱ्या चलनात असेल, तर दर बिघडलेल्या वर्षांसाठी गंगाजळी वेगळी हवी.

आरोग्याचा विषय मात्र घाईने उरकण्यासारखा नाही. निवृत्तांना सर्वाधिक धक्का इथे बसतो. मायदेशातली सरकारी आरोग्यसेवा सीमेपलीकडे बहुधा लागू नसते. अमेरिकेची मेडिकेअर योजना देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च, मोजके अपवाद सोडले तर, देत नाही. खाजगी विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढतो, आधीपासूनचे आजार वगळले जातात आणि काही कंपन्या ठरावीक वयानंतर नवी पॉलिसीच देत नाहीत. शिवाय रुग्णालय उत्तम असले तरी दीर्घकाळची शुश्रूषा हा निराळा प्रश्न आहे. अंघोळ घालणे, औषधे वेळेवर देणे, रात्री सोबत बसणे हे काम ज्या देशात कुटुंबीयांनीच करायचे असते, तिथे कुटुंब नसलेल्या परदेशी वृद्धाचे हाल होतात. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी निसटत जाते आणि मातृभाषा अधिक काळ टिकते, असे अनेक रुग्णांत दिसते. अशा रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणारे कोण असेल, हा प्रश्न साठीत विचारला तर त्यावर काही करता येते.

वारसाहक्काबाबतही मागे राहणाऱ्यालाच त्रास होतो. फ्रान्स आणि स्पेनसारख्या देशांत संपत्तीचा ठरावीक हिस्सा मुलांसाठी कायद्यानेच राखलेला असतो, त्यामुळे "सगळे पत्नीला" असे मृत्युपत्रात लिहिले म्हणून ते तसेच होईल असे नाही. युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत 17 ऑगस्ट 2015 पासून लागू असलेल्या नियमानुसार, वेगळे काही लिहून ठेवले नसेल तर मृत व्यक्तीच्या शेवटच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशाचा कायदा लागतो; मात्र आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लावावा, असे मृत्युपत्रात नमूद करता येते. त्या एका वाक्यावर विधवेचे राहते घर अवलंबून असू शकते.

मनावरचा भारही लक्षात घ्यायला हवा. होम्स आणि राहे या संशोधकांनी 1967 मध्ये मांडलेल्या ताणमापन श्रेणीत जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण आहेत, निवृत्तीला 45 आणि घर बदलण्याला 20. निवृत्ती आणि स्थलांतर एकाच वर्षात आले, की नोकरीतली ओळख, दिनक्रम आणि शेजार या तिन्ही गोष्टी एकदम सुटतात. वय वाढते तशी माणसे ओळखी कमी करून मोजक्या जिवलगांकडे वळतात, हे मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सेन यांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. परदेशात जाणारा नेमक्या याच वयात जिवलगांपासून लांब जातो आणि नव्या ओळखी करण्याचे काम अंगावर घेतो. हे साधणारी माणसे मी पाहिली आहेत. ती बहुतेक स्थानिक भाषा शिकलेली असतात आणि आपल्या देशवासीयांच्या कोंडाळ्याबाहेर त्यांचे एखादे ठरलेले काम असते.

या जोडप्याकडे परत येतो. पुढच्या भेटीत पत्नी जे बोलल्या, ते गृहस्थांना आणि मुलीलाही अनपेक्षित होते. त्यांना जायचे होते. घरी सगळ्यांना हाक मारली की धावून येणारी व्यक्ती म्हणून त्यांची इतकी वर्षे गेली होती आणि कोणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी राहून पाहण्याची त्यांना ओढ होती. पानावरची कोरी दुपार त्यांना भीतीदायकही वाटत होती आणि हवीहवीशीही. "मला नेताहेत, असं मला नको. मी जातेय, असं हवंय," असे त्या म्हणाल्या. मला त्या दिवशी गृहस्थांचे कौतुक वाटले, कारण त्यांनी लगेच समजूत काढायला सुरुवात केली नाही. "मग तुझ्या अटी सांग," एवढेच ते म्हणाले.

अटी पत्नींनी सांगितल्या आणि त्या लेखी झाल्या. घर विकायचे नाही, आधी एक वर्ष भाड्याने राहायचे आणि त्यात हंगामाबाहेरचे महिने यायलाच हवेत. भाषेचा वर्ग दोघांनी निघण्याआधी सुरू करायचा. बँकेचे खाते तिथे पत्नींच्या नावेही उघडायचे आणि महिन्यातून एकदा सगळे व्यवहार त्यांनी स्वतः करायचे. जोडीदाराच्या मृत्यूनंतरचा वास्तव्याचा हक्क, पेन्शनचा वाटा आणि मृत्युपत्र याबाबत तिथल्या वकिलाचे मत निघण्यापूर्वी घ्यायचे. परत यायचे ठरल्यास त्याला कोणी अपयश म्हणायचे नाही, ही अट मुलीलाही सांगण्यात आली आणि त्या निमित्ताने बाप-लेकीचे बोलणे सुरू झाले.

वकिलाच्या उत्तरातून असे निघाले, की त्या देशात काही वर्षे सलग राहिल्यावर पत्नींना स्वतःच्या नावाने दीर्घ मुदतीचा परवाना मागता येईल. ते दोघे आता तिथे भाड्याने राहत आहेत. इकडचे घर भाडेकरूला दिलेले आहे आणि पत्नींच्या हातात त्यांच्या नावाचा परवाना येईपर्यंत ते विकायला काढायचे नाही, असे दोघांनी सहीनिशी लिहून ठेवले आहे.