ढाक्याच्या आधी तू काय म्हणत होतास?

इंदूर, रामबाग (नोव्हेंबर २०२५)

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. खालिद जमीलला भारताच्या फुटबॉल संघाचा कोच नेमलं तीच मुळात चूक होती, ढाक्यात बांगलादेशकडून हरल्यावर आता तरी सगळ्यांनी ते कबूल करावं, असं तुझं म्हणणं. समोरच्यांचं म्हणणं, या संघाला कुणीही आणून द्या, काही फरक पडणार नाही. दोन्ही बाजू घसा फोडून बोलतायत आणि तू मला पंच नेमलंयस. पंच व्हायची मला हौस नाही, पण एक प्रश्न विचारतो.

ढाक्याच्या आधी तू काय म्हणत होतास? १ ऑगस्ट २०२५ला नेमणूक जाहीर झाली तेव्हा सावियो मेदेइरांनंतर पहिल्यांदाच पूर्णवेळ भारतीय कोच मिळाला म्हणून तू नाचत होतास. १८ नोव्हेंबरला ०-१ने हरलो आणि तुझं मत फिरलं. फिरू दे, त्यात कमीपणा काहीच नाही. पण तू नुसतं मत फिरवलं नाहीस, "मी तर आधीपासून सांगतच होतो" असं म्हणत सुटलास. तुमच्या टोळक्यातले सगळेच तसं म्हणतायत. प्रत्येकजण आधीपासून बरोबर असेल तर भांडण मिटायचं कसं?

कोचची नेमणूक बरोबर की चूक हे नेमणुकीच्या दिवशी जे माहीत होतं त्यावरून ठरवायचं. पुढे काय झालं हा वेगळा हिशोब. आभाळ भरून आलं म्हणून छत्री घेऊन निघालेला माणूस पाऊस पडला नाही म्हणून मूर्ख ठरत नाही.

तर १ ऑगस्टला काय माहीत होतं? अर्ज १७० आले होते. त्यात बार्सिलोनाच्या झावी हेर्नांदेझचंही नाव होतं, आणि "फेडरेशनने (म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाने) झावीला नाकारलं" म्हणून तुम्ही पोरं किती चिडला होतात! त्याच्या नावाने आलेला अर्जाचा मेल खोटा निघाला. (त्या दिवशी तुमच्यातल्या एकानेही 'मी आधीच म्हणालो होतो' असं म्हटलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.) खरी निवड तिघांतून होती: जमील, स्टीफन कॉन्स्टंटाईन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान तार्कोविच.

जमीलचं प्रगतिपुस्तक सगळ्यांसमोर होतं. मुंबई एफसीने त्याला सोडलं. त्याने मिझोरामच्या ऐझॉल एफसीला, आदल्याच मोसमात खाली घसरलेल्या संघाला, २०१६-१७ची आय-लीग, म्हणजे देशातली लीग, जिंकून दिली. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहिली. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला मोसमाच्या मध्यावर हाती घेऊन इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेलं, पण पूर्णवेळ कोच झाल्यावर तोच संघ दहावा आला. जमशेदपूरला २०२५च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत आणलं, तिथे एफसी गोवाने ३-०ने हरवलं. म्हणजे कमी पैशांत, कमी माणसांत, चिवट बचाव आणि ठरवलेल्या चालींवर संघ उभा करणारा माणूस. चेंडू ताब्यात ठेवून देखणा खेळ करणारा नव्हे. फेडरेशनने हे जाणून निवड केली असेल तर निवड चुकीची म्हणता येत नाही. देखणा खेळ हवा होता आणि तरी त्याला घेतलं, तर दोष घेणाऱ्यांचा. माझं विचारशील तर हाताशी असलेल्या तिघांत त्या दिवशी मीही जमीललाच निवडलं असतं.

देशी-विदेशी हा वाद तर सोडूनच दे. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे शाळामास्तर, त्यांनी १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णं आणली. कॉन्स्टंटाईन इंग्रज, त्यांच्या हाताखाली आपण फिफाच्या जागतिक क्रमवारीत १७३वरून पहिल्या शंभरात आलो. पासपोर्ट बघून काहीच कळत नाही.

आता निकालाकडे ये, आणि जरा तारखा लावून बघ. २०२७च्या आशिया चषकासाठी गटातून एकच संघ जाणार होता. जमील आला तेव्हा सहापैकी दोन सामने झाले होते, बांगलादेशशी ०-० आणि हाँगकाँगकडून ०-१. खात्यात एक गुण. आधीचे कोच मानोलो मार्केझ त्या वर्षी भारत आणि एफसी गोवा असे दोन संघ एकाच वेळी सांभाळत होते, आणि ती परवानगीही याच फेडरेशनची. जमीलचा पहिला सामना २९ ऑगस्टला, काफा नेशन्स कप या स्पर्धेत, म्हणजे महिनाही हातात नाही. मोहन बागान क्लबने त्या स्पर्धेला खेळाडू सोडले नाहीत. इंडियन सुपर लीगचा करार अडकला म्हणून देशातला मोसम सप्टेंबरमध्ये सुरूच झाला नाही. आणि तू ज्या ढाक्यावरून एवढा तापलायस तिथे आपण बाद झालो नाही रे! बाद झालो १४ ऑक्टोबरला मडगावात, सिंगापूरकडून २-१ने. आपल्या छांगतेने गोल करून दिलेली आघाडी घालवून. जाब विचारायचा तर त्या सामन्याचा विचार, तो कोचच्याच माथी जातो. ढाक्याचं दुःख मोठं वाटतं कारण २००३नंतर बांगलादेशने आपल्याला पहिल्यांदा हरवलं. ते दुःख खरं आहे, पण पुरावा म्हणून मडगावच वजनदार.

कोच हाकला म्हणणाऱ्या तुझ्या मित्रांना एक गोष्ट सांग. हॉलंडच्या फुटबॉल लीगमधल्या १९८६ ते २००४ या मोसमांचा तिथल्या अर्थतज्ज्ञाने अभ्यास केला. ओळीने हरल्यावर कोच काढला की संघ सुधारतो, हे खरं. पण तितकेच हरलेले, तरी कोच न काढलेले संघही तेवढेच सुधारतात. कोच काढला जातो तेव्हा संघ बहुधा तळाला पोचलेला असतो आणि तिथून वरच यायचं असतं. नव्या माणसाच्या नावावर फुकटचं श्रेय जमा होतं.

आणि 'वेळ द्या' म्हणणाऱ्या दुसऱ्या गटालाही सोडू नकोस. त्यांच्यातला कुणीतरी कोच अ‍ॅलेक्स फर्ग्युसनला मध्ये आणणारच: १९८६ला मँचेस्टर युनायटेडमध्ये आले, पहिला करंडक १९९०ला, पहिली लीग १९९३ला. पाठ झालंय सगळ्यांना. ज्यांना वेळ दिला आणि काहीच घडलं नाही अशा कोचांची नावं मात्र कुणाला पाठ नसतात, कारण त्यांचे पुतळे उभे राहिले नाहीत. फर्ग्युसनना मिळालेला वेळ नुसता दयेपोटीचा नव्हता. क्लबची पोरं शोधणारी यंत्रणा त्यांनी पहिल्या वर्षांतच बदलली होती, ते काम आतल्यांना दिसत होतं. काम दिसत असेल तर वेळ द्यावा. नुसता धीर धरा म्हणणं म्हणजे वादातून अंग काढून घेणं.

आपल्या इंदूरचंच बघ. २०२०मध्ये मध्य प्रदेशच्या क्रिकेट संघाला चंद्रकांत पंडित कोच म्हणून आणले, तेव्हा आमच्या कट्ट्यावर कुरकुर होतीच. मुंबईचा माणूस, कडक शिस्तीचा, आपल्या पोरांना झेपेल का? हेच पंडित १९९८-९९च्या रणजी अंतिम सामन्यात आपले कर्णधार होते, हे कुरकुर करणाऱ्यांना आठवत नव्हतं किंवा आठवायचं नव्हतं. विदर्भासारख्या संघाला त्यांनी लागोपाठ दोनदा रणजी जिंकून दिली होती. मग जून २०२२मध्ये बंगळुरूला आपण मुंबईलाच हरवून पहिली रणजी आणली (जुन्या होळकर संघाच्या चार वेगळ्या), आणि कट्ट्यावरचे सगळे एका रात्रीत द्रष्टे झाले. माझं म्हणणं एवढंच की ती नेमणूक २०२०लाच बरोबर होती. अंतिम सामना हरलो असतो तरी बरोबरच राहिली असती.

उलटंही घडतं. ग्रीसचा कोच असताना फॅरो बेटांकडून घरच्या मैदानावर हरून नोकरी गमावलेल्या रानिएरींना इंग्लंडच्या लेस्टर क्लबने २०१५ला घेतलं. लोक हसले. पुढच्या वर्षी लेस्टर इंग्लंडचा विजेता. हसणारे चुकले, पण त्यांना मूर्ख म्हणू नकोस. त्या दिवशी शंका घ्यायला भरपूर जागा होती.

मग बघायचं काय? गोलफलकापेक्षा कोचचा हात कुठे दिसतो ते बघ. २९ ऑगस्टचा ताजिकिस्तानचा सामना पुन्हा लाव. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन गोल, एक अन्वर अलीचा, एक झिंगनचा, दोघेही बचावपटू. आपल्या उवैसचे लांब थ्रो-इन बघ, त्याला जमीलने जमशेदपूरमध्ये घडवलाय. हे सरावात बसवलेलं असतं, नशिबाने होत नाही. तसंच चेंडू गमावल्यावर पहिल्या काही सेकंदांत मधल्या फळीतली पोरं कुठे धावतात ते बघ. आघाडी मिळाल्यावर बचावाची ओळ मागे सरकते का? बदली खेळाडू आला की संघाचा आकार बदलतो, की नुसता दमलेल्याच्या जागी ताजा माणूस? टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे हे निम्मंच दिसतं. पण तेवढं बघितलंस तरी टोळक्यात सगळ्यात जास्त तुलाच बोलता येईल, आणि तेही आवाज न चढवता.

मार्च २०२६मध्ये हाँगकाँगविरुद्ध घरच्या मैदानावर गटातला शेवटचा सामना आहे. चषकाच्या दृष्टीने त्याला अर्थ उरलेला नाही, म्हणून कोच जोखायला तो बरा. त्याच्या आधी एक कागद घे, वर तारीख टाक आणि लिही: जमील राहावा की जावा, का, आणि काय दिसलं तर तू मत बदलशील. टोळक्यातल्या प्रत्येकाकडून तसा कागद घे. जो लिहायला तयार नाही त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला चहाचं बिल द्यायला लाव.

माझा कागद तयार आहे, फोटो पाठवतो. मी लिहिलंय की राहावा, कारण लीग बंद असताना कुणाचीच परीक्षा नीट होत नाही. त्याखाली हेही लिहिलंय की लीग सुरू होऊन पोरं तीन-चार महिने खेळली, आणि तरीही थ्रो-इन आणि कॉर्नर सोडून गोल करायची दुसरी एकही वाट या संघाला सापडली नाही, तर मी तुझ्या बाजूला.

तुझा,
सर