तारखेमागचा आकडा : वाचकांची प्रश्नोत्तरे

वाशीच्या मार्केटात आमचा गाळा आहे. उधारीच्या एक्सेल फाइलमध्ये तारखेऐवजी ४५६५८ दिसतं. फाइल बिघडली का?

फाइल ठणठणीत आहे. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजतं. ४५६५८ म्हणजे १ जानेवारी २०२५. सेलचा फॉरमॅट 'डेट' करा, तारीख दिसेल. आतून आकडा आहे म्हणूनच उधारी किती दिवस थकली ते नुसत्या वजाबाकीने कळतं. त्यात एक खोट आहे. ६० व्या क्रमांकावर २९ फेब्रुवारी १९०० आहे, आणि तो दिवस कधी उगवलाच नाही. लोटस १-२-३ या एक्सेलआधीच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक तशीच ठेवली गेली. तुमच्या हिशेबाला त्याने धक्का लागत नाही.

येऊरला मित्रांसोबत रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे तारे बघतो. नोंदीत ज्युलियन दिनांक, म्हणजे सलग मोजलेल्या दिवसांचा क्रमांक लिहावा लागतो. तो मध्यरात्री न बदलता दुपारी का बदलतो? (ठाणे)

निरीक्षण ऐन रंगात आलेलं असताना तारीख बदलू नये म्हणून. जागतिक वेळेची दुपार म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, त्यामुळे येऊरची अख्खी रात्र एकाच क्रमांकात बसते. १ जानेवारी २००० ला संध्याकाळी साडेपाचला २४५१५४५ सुरू झाला. त्याला ७ ने भागा, बाकी ५ उरते. ० म्हणजे सोमवार, म्हणून ५ म्हणजे शनिवार. मला हे फार आवडतं : महिने नाहीत, लीप वर्षं नाहीत, वार मात्र आपोआप हाती येतो.

मोजणी ख्रिस्तपूर्व ४७१३ पासून आहे, कारण स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ मध्ये जोडलेली कालगणनेची २८, १९ आणि १५ वर्षांची तीन चक्रं त्या वर्षी एकदम सुरू होतात. १९५७ मध्ये स्पुटनिक या कृत्रिम उपग्रहाचा माग काढणाऱ्या संगणकांना एवढा लांब आकडा झेपेना, तेव्हा त्यातून २४०००००.५ वजा करायची पद्धत आली. त्या सुधारित मोजणीत दिवस मध्यरात्री बदलतो. नोंदीत कोणती मोजणी वापरली ते जरूर लिहा.

आपल्या पंचांगात असं काही होतं का? (नौपाडा)

होतं, आणि अस्सल होतं. त्याचं नाव अहर्गण, म्हणजे ठरावीक दिवसापासून उलटलेल्या दिवसांची संख्या. कलियुगारंभापासून, म्हणजे ख्रिस्तपूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीपासून मोजलं तर आज तो १८ लाखांच्या पुढे जातो. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' या ग्रहगणिताच्या ग्रंथात ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र धरलं आणि आकडा लहान ठेवला. स्पुटनिकवाल्यांची अडचण त्यांनी चार शतकं आधी, कागदावर सोडवली. पडताळा वाराने घ्यायचा : वार जुळला नाही तर अहर्गणात एक मिळवायचा किंवा वजा करायचा.

२०३८ मध्ये संगणक बंद पडणार का? (ऐरोली)

सगळे नाहीत. युनिक्स या संगणक प्रणालीची वेळ १ जानेवारी १९७० पासून सेकंदांत चालते. हा आकडा ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत ठेवला तर ती १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. ६४ बिटांवर गेलेल्या यंत्रणांना हा धोका नाही. सोसायटीचा जुना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) किंवा गेटची हजेरी मशीन असेल, तर विक्रेत्याला आत्ताच विचारून ठेवा.