काळी जमीन, लाल वीट आणि राखेची वीट

प्रश्न : मिस्त्रीकाका, आमचं घरकुल मंजूर झालं. जागा काळ्या जमिनीत आहे. शेजारच्या नव्या घराला दुसऱ्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपे तडे गेले, तेव्हापासून धास्ती बसली आहे. गावचे मिस्त्री म्हणतात भट्टीची लाल वीट घ्या, दीर म्हणतात राखेची घ्या, भाचा ब्लॉकचं म्हणतो. घ्यायचं तरी काय?
– एक वाचक, तालुका दारव्हा

उत्तर : ताई, तो तिरपा तडा विटेमुळे नाही, खालच्या जमिनीमुळे गेला असणार. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात अशी फाटते की भेगेत हाताचा पंजा जातो. घराखालची मधली माती झाकलेली राहते, कडेची मात्र दरवर्षी ओली-कोरडी होते. मग भिंतीची कड उचलते, बसते, आणि वरची वीट कितीही पक्की असली तरी फाटतेच. म्हणून विटेचा भाव विचारायच्या आधी सबलीनं एक खड्डा खणून बघा. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर पाया मुरमावरच टेकवा. निघालेली काळी माती परत पायात ढकलू देऊ नका, मुरूम भरून पाणी मारून ठोकून घ्या. जोत्याला सळईचा बीम चारही बाजूंनी सलग फिरवा. मुरूम फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल करतात. म्हणजे तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, निदान साडेतीन मीटर खोल, जिथं मातीची ओल वर्षभर फारशी बदलत नाही. ते मात्र इंजिनिअरला विचारूनच करा. आणि छताचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडू देऊ नका.

आता वीट. माझे मायबाप हिंगणघाटकडे वणा नदीच्या काठी विटा पाथायचे. दिवाळी झाली की काम सुरू, पावसाच्या आत बंद. नुसत्या काळ्या मातीची वीट उन्हात वाळतानाच तडकते, म्हणून बाबा तिच्यात नदीचा गाळ, राख आणि कुटार (पिकाचा भुसा) घालून रात्रभर गारा, म्हणजे विटेचा चिखल, भिजत ठेवायचे. माय साच्यात गारा आपटायची, ओला हात फिरवून कड सारखी करायची. तेव्हापासून मला एक ठाऊक आहे, की एकाच भट्टीतून तीन जातींच्या विटा निघतात. मधली चांगली भाजलेली, बाहेरच्या थरातली पिवळी कच्ची, आणि आगीजवळची काळपट, वेडीवाकडी खंगर. ट्रॅक्टरमध्ये तिन्ही मिसळून येतात. खंगर भिंतीला नको, पण पायाच्या भरावात चालते. पिवळी मात्र कुठंच लावू नका.

पारख घरीच होते. दोन विटा एकमेकींवर ठोका, खणखणीत आवाज आला पाहिजे. नखानं ओरखडा उमटला तर वीट कच्ची. मग कोरडी वीट किराण्याच्या काट्यावर तोला आणि 24 तास पाण्यात बुडवून परत तोला. तीन किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या वर गेली तर ती नाकारा, कारण वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी साधी वीट मानकात बसत नाही. भिजवल्यावर वीट कुठं पांढऱ्या खड्याभोवती फुटली का, तेही बघा. आपल्या मातीत चुनखडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, आणि पुढं ओल लागली की तो फुगून प्लास्टरचा टवका उडवतो.

राखेच्या विटेला मी कमी लेखत नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस इथं वीजकेंद्रं आहेत, राख आपल्याकडं भरपूर आहे, आणि त्या विटेसाठी शेताची वरची माती खरवडावी लागत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. राख, गिट्टीची चुरी, सिमेंट किंवा चुना-जिप्सम मिसळून मशीनमध्ये दाबतात. ही वीट भाजत नाहीत, पाणी मारून पिकवतात. घाईचा कारखानदार आठवड्यातच गाडी भरतो. तुम्ही तीन-चार आठवडे पाणी मारलेलीच मागा. अंगठ्यानं कड दाबली आणि पीठ पडलं तर गाडी परत करा.

भाच्याचे एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेले काँक्रीटचे ब्लॉक, हलके असतात, ऊनही कमी आत येऊ देतात. पण कॉलम-बीमचा सांगाडा असेल तरच घ्या. भिंतीवर स्लॅब टेकणार असेल तर विटाच बऱ्या. तुमच्या दोन खोल्यांना मी चांगली पिकलेली राखेची वीट घेईन. ती मिळाली नाही तर भट्टीची, पण निवडून.

आणि पाणी, ताई. मी विशीत असताना मे महिन्यात एक भिंत चढवली. पाणी टंचाईचं होतं, म्हणून लाल विटा कोरड्याच लावल्या. चौथ्या दिवशी उस्ताद आले, वरची वीट दोन बोटांनी धरली आणि उचलून माझ्या हातात दिली. तिच्या खालच्या अंगाला सिमेंट-वाळूच्या मालाचा कण चिकटला नव्हता. सांध्यातला माल फुंकर मारल्यावर उडाला. कोरड्या विटेनं त्यातलं सगळं पाणी ओढून घेतलं होतं. ती भिंत मी स्वतः उतरवली. म्हणून लाल वीट बुडबुडे थांबेपर्यंत हौदात ठेवा. राखेच्या विटेवर नुसता शिडकावा पुरे, ब्लॉकला वरवर ओल. जुडाई झाल्यावर मात्र सात ते दहा दिवस तराई, म्हणजे भिंतीवर पाणी मारणं, चुकवू नका. उन्हात गोणपाट टाका. नऊ इंची भिंतीला एकास सहाचा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), साडेचार इंचीला एकास चार. नऊ इंची 100 चौरस फुटाला साधारण हजार विटा धरा, वर फुटतुटीच्या पन्नास.

प्रश्न : घराच्या भिंतीला खालून पांढरी पूड येते. दोनदा रंग दिला, पुन्हा येते. काय करावं?
– एक वाचक, तालुका पवनी

उत्तर : हा लोणा आहे, भाऊ. विटेतले किंवा जमिनीतले क्षार ओलीबरोबर वर चढतात आणि पाणी उडालं की बाहेर पांढरे दिसतात. रंग त्यांना थांबवत नाही, स्वतःच पोपडे होऊन गळतो. धुऊ नका, क्षार परत आत जातील. कोरड्या ब्रशनं झाडा आणि पूड सुपात गोळा करून घराबाहेर टाका. मग ओल कुठून येते ते शोधा. न्हाणीचं सांडपाणी, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग, की जोत्यावर ओलरोधक थरच घातला नाही. ओल तुटून भिंत पुरती वाळल्यावरच पुन्हा रंगाचा डबा उघडा.