वाचकांचे प्रश्न : पुळणीवर चालावे की धावावे?

प्रश्न : माझे वय ५४ असून साखर काठावर आहे. रोज सकाळी सहाला मी समुद्रकाठच्या पुळणीवर (वाळूवर) अर्धा तास चालत असे. ‘चालण्याने काही होत नाही, जॉगिंग करा’ असे पुण्याच्या भाच्याने सांगितल्यावरून अनवाणी पळू लागलो. आता सकाळी उठून पहिले पाऊल टाकताना टाच ठणकते. पुन्हा चालण्यावर यावे का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : तूर्त यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम सांगितला आहे. भरभर चालणे पहिल्या प्रकारात मोडते, तर जॉगिंग दुसऱ्या प्रकारात. म्हणजे पळण्याने वेळ निम्मा लागतो, एवढाच भाच्याच्या बाजूचा मुद्दा. मात्र चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. मासळीचा भाव विचारत, थांबत थांबत केलेली फेरी या हिशेबात धरता येत नाही. साखरेच्या दृष्टीने जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणेही उपयोगी ठरते.

आता टाचेविषयी. चालताना एक ना एक पाय जमिनीवर असतोच. पळताना दोन्ही पाय क्षणभर अधांतरी असतात आणि उतरणाऱ्या पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. सकाळच्या पहिल्या पावलाला होणारी वेदना बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्याच्या पट्ट्याची असते. वाळू मऊ, म्हणून ती पायांना सोयीची, असा आपल्याकडे समज आहे. पण कोरड्या, भुसभुशीत वाळूत टाच रुतते, तो पट्टा आणि पोटरी दोन्ही ताणली जातात आणि चालायलाही कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते.

त्यामुळे घड्याळाइतकीच तिथीही पाहावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारणपणे मिळते, हा आडाखा किनाऱ्यावर जुनाच आहे. अष्टमीला सकाळी सहाला भरती असते आणि आपल्या वाट्याला वरची कोरडी वाळूच येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे सुकती (ओहोटी) पहाटे पाचच्या सुमारास असल्याने सहाला ओली, घट्ट पुळण मोकळी मिळते. चालायचे ते या घट्ट पट्ट्यावर, आणि टाच बरी होईपर्यंत बूट घालून. पुळणीला समुद्राकडे उतार असल्याने एका पायावर अधिक ताण येतो, म्हणून जितके जावे तितकेच त्याच वाटेने परत यावे. अष्टमीच्या सुमारास सरळ रस्ता धरावा.

दुखणे पूर्ण थांबल्यावर पळायचेच असेल तर आपले वय आणि साखर पाहता आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मग चार मिनिटे चालणे आणि एक मिनिट हळू पळणे, असे एक दिवसाआड सुरू करावे. छातीत दडपल्यासारखे वाटल्यास मात्र तिथेच थांबून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी, घरी जाऊन पाहू म्हणू नये.

प्रश्न : पावसाळ्यात पुळण सुटते. संध्याकाळी सड्यावर (जांभ्या दगडाच्या माळावर) चालणे योग्य आहे का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : उजेड असेपर्यंत योग्य आहे. फुरसे (विषारी साप) जांभ्या दगडाच्या रंगात इतके मिसळून जाते की तिन्हीसांजेला ते दिसत नाही. म्हणून बंद बूट घालावेत आणि उशीर होणार असेल तर बॅटरी बाळगावी. शेवाळलेल्या पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) भरभर उतरू नये. डांबरी रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बेताने उजव्या बाजूने चालावे. मुसळधार पावसाच्या दिवशी लांब पडवीतल्या फेऱ्याही चालतात, फक्त वेग वर सांगितला तोच ठेवावा.